स्तनाचा कर्करोग पसरतो कसा? पेशीच्या दारावरच्या निरोपाची गोष्ट

"दुखत न्हवतं डॉक्टर, म्हणून दाखवलं न्हाई." मुरुम, आळंगा, येणेगूर या पट्ट्यातील कोणत्याही दवाखान्यात बसा, हे वाक्य केव्हा ना केव्हा कानावर पडतेच. सांगणारी बाई पन्नाशीच्या आसपासची असते. वर्षापूर्वी आंघोळ करताना छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागलेली असते. सुगी झाल्यावर बघू, लेकीचे लग्न झाल्यावर बघू, असे म्हणत दिवस जातात. मग काखेत दुसरी गाठ येते. काखमांजरी समजून तिच्यावर लेप लावला जातो. शेवटी पाठ दुखू लागते, तेव्हा बाई दवाखान्यात येते आणि तेही पाठीच्या औषधासाठी.

छातीतली गाठ, काखेतली गाठ आणि पाठीचे दुखणे हे तीन वेगळे आजार नसून एकाच आजाराचे तीन मुक्काम असू शकतात, हे सांगितले की घरच्यांचा विश्वास बसत नाही. "छातीतला आजार पाठीच्या मणक्यात जाईलच कसा?" असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. आजच्या लेखात त्याचेच उत्तर पाहू. ते समजले की गाठ का लपवू नये, तुकडा का तपासावा आणि तपासणीच्या कागदावरील तीन अक्षरी नावांचा अर्थ काय, हेही आपोआप समजेल.

पेशीचे दार आणि दारावरची थाप

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. पेशी ही एक घर मानली तर हे आवरण म्हणजे तिच्या भिंती. बाहेरचा कोणीही सरळ आत शिरू शकत नाही. मात्र शरीराचा कारभार चालायचा तर पेशींना निरोप मिळाला पाहिजे: आता वाढ, आता थांब, आता दुभंगून दोन हो, आता तुझे काम संपले, मरून जा. हे निरोप रक्तातून व आजूबाजूच्या द्रवातून येणारे रासायनिक पदार्थ आणतात. ते घेण्यासाठी पेशीच्या आवरणात खास प्रथिने बसवलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मराठीत ग्राही म्हणता येईल.

रिसेप्टरचे एक टोक घराबाहेर व दुसरे घरात असते. बाहेरच्या टोकावर योग्य निरोप्या येऊन बसला की आतले टोक जागे होते. ते आतील दुसऱ्या प्रथिनाला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. गावात चावडीवरून निघालेला निरोप जसा तोंडोतोंडी शेवटच्या वस्तीपर्यंत पोचतो, तसा हा निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो. तिथे जनुकांचा संच असतो. निरोप पोचला की ठराविक जनुके कामाला लागतात आणि पेशी हुकुमाप्रमाणे वागते. अशा वाढीचा निरोप आणणारा एक पदार्थ शोधून काढल्याबद्दल अमेरिकेतील स्टॅनली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चेतापेशींच्या वाढीचा निरोप शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी त्यांच्या सहमानकरी होत्या.

निरोगी शरीरात निरोप येतो, काम होते आणि दार पुन्हा शांत होते. थाप थांबली की वाढ थांबते. जखम भरून आली की नवी कातडी वाढायची थांबते ती यामुळेच.

दारेच वाढली तर?

कर्करोगात बिघाड होतो तो या निरोपाच्या व्यवस्थेत. स्तनाच्या कर्करोगातील सर्वात गाजलेले उदाहरण हर-टू नावाच्या रिसेप्टरचे आहे. निरोगी स्तनपेशीच्या पृष्ठभागावर हे रिसेप्टर सुमारे २० हजार असतात. काही रुग्णांच्या गाठीतील पेशींमध्ये मात्र हर-टू बनवणाऱ्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती तयार होतात. मग एकेका पेशीवर २० लाखांपर्यंत रिसेप्टर दाटीवाटीने उभे राहतात.

हर-टूची आणखी एक खोड आहे. त्याला बाहेरून येणारा स्वतःचा असा निरोप्या लागत नाही. शेजारच्या रिसेप्टरला तो चिकटला की जोडी जमते आणि आत निरोप सुरू होतो. गर्दी इतकी असेल तर जोड्या आपोआप जमतात. म्हणजे दारावर कोणी आलेले नसताना घरात सतत घंटा वाजत राहते. पेशीला अखंड एकच हुकूम ऐकू येतो: वाढ, दुभंग, वाढ.

अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली १८९ गाठी तपासून दाखवून दिले की ज्या रुग्णांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्यांचा आजार लवकर उलटतो व आयुष्य कमी होते. आज स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण १५ ते २० जणींत हा प्रकार आढळतो.

गाठ घर सोडते

नुसती वाढ झाली असती तर गाठ कापून काढली की प्रश्न मिटला असता. छातीतली गाठ छातीतच राहिली तर तिने माणूस सहसा दगावत नाही. जीव जातो तो ती फुफ्फुस, यकृत, हाडे किंवा मेंदू येथे पसरल्यामुळे. आणि पसरण्याचा हुकूमही याच रिसेप्टरच्या मार्गाने पेशीला मिळतो.

निरोगी पेशी शेजारणीचा हात धरून बसलेली असते. वाढीचा निरोप अखंड येत राहिला की तिची ही पकड सैल होते. पेशीचा आकार बदलतो, ती हलू लागते. भोवतालचा आधार विरघळवणारे रस ती सोडते आणि जवळच्या रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरते. काखेतील लसिकाग्रंथी हे तिच्या वाटेवरचे पहिले ठाणे असते. काखेत येणारे अवधाण नेहमी जखमेमुळेच येते असे नाही, ते यासाठी.

रक्तात गेलेल्या बहुतेक पेशी मरतात. रक्ताचा जोर त्यांना सोसत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना टिपतात. जगतात त्या थोड्या. पण त्या थोड्या पेशी नेमक्या ठराविक ठिकाणीच का रुजतात?

हा प्रश्न लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांना १८८९ साली पडला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रक्त सगळीकडेच जाते. तरी आजार काही अवयवांत वारंवार आणि काहींत क्वचितच आढळत होता. त्यांनी याची तुलना बी आणि जमिनीशी केली. आपल्या शेतकरी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पेरताना बी चारही दिशांना उडाले तरी उगवते ते वाफसा असलेल्या रानातच. बांधावरच्या खडकावर पडलेले बी वाया जाते.

या वाफशाचा एक उलगडा २००१ साली झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावर सीएक्ससीआर-४ नावाचा रिसेप्टर मोठ्या प्रमाणात असल्याचे संशोधकांना दिसले. या रिसेप्टरला बोलावणारा पदार्थ लसिकाग्रंथी, फुफ्फुस, यकृत व अस्थिमज्जा येथे भरपूर तयार होतो. म्हणजे आजार जिथे जिथे पसरतो, नेमके तेच अवयव. मुंगीला गुळाचा वास लागावा तशी पेशी त्या दिशेने ओढली जाते. हा पदार्थ शरीराने कर्करोगासाठी ठेवलेला नाही. एरवी तो आपल्या संरक्षक पेशींना वाट दाखवतो. गाठीतली पेशी दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेले पत्र वाचून चालू लागते, एवढेच.

हाडात पोचल्यावर दुसरे चक्र सुरू होते. हाड जुने झाले की ते झिजवणाऱ्या पेशी शरीरात असतातच; नवे हाड घालणाऱ्या पेशी ती जागा भरून काढतात. कर्करोगाची पेशी निरोप पाठवून झिजवणाऱ्या पेशींना चेतवते. हाड विरघळले की त्यात साठवलेले वाढीचे पदार्थ मोकळे होतात आणि ते गाठीलाच खतपाणी घालतात. गाठ वाढते, हाड आणखी झिजते. पाठ दुखते ती यामुळे. छातीतला आजार मणक्यात कसा गेला, या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

कागदावरची तीन नावे

गाठीचा तुकडा तपासून आलेल्या अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावे असतात. पुढचा सगळा उपचार या तीन ओळींवर ठरतो. म्हणून त्या समजून घेऊ.

ईआर व पीआर हे स्त्री-संप्रेरकांचे रिसेप्टर. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके भिंतीतून सहज आत जाऊ शकतात. त्यामुळे त्यांचे हे रिसेप्टर दारावर नसून मुख्यतः घराच्या आत, केंद्रापाशी असतात. ते असले तर गाठ संप्रेरकांवर पोसते, असा अर्थ. स्कॉटलंडचे डॉ. जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली बीजांडकोश काढल्यावर स्तनाची गाठ ओसरल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा रिसेप्टर हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. आज अशा रुग्णांना टॅमॉक्सिफेन किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोलसारखी गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेन स्वस्त आहे. तरीही 'आता बरे वाटते' म्हणून दोन वर्षांत गोळी सोडणाऱ्या भगिनी दिसतात. हे मोठे नुकसान आहे. गोळी बंद म्हणजे निरोपाला दार पुन्हा उघडे.

हर-टूचा निकाल ०, १, २ किंवा ३ अधिक असा येतो. ३ अधिक म्हणजे होकार. २ अधिक म्हणजे संशय. त्यासाठी जनुकाच्या प्रती मोजणारी आणखी एक तपासणी लागते. होकार असेल तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन उपयोगी पडते. ते हर-टूच्या बाहेरच्या टोकावर जाऊन बसते, निरोप मंद करते आणि संरक्षक पेशींना 'इकडे या' अशी खूणही करते. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. ते फार महाग होते. भारतातच तयार झालेल्या त्याच्या आवृत्तीला २०१३ साली मंजुरी मिळाली, त्यानंतर पर्याय वाढले. आजार पसरण्यापूर्वी दिल्यास ते साधारण वर्षभर, सलाईनवाटे, केमोथेरपीच्या जोडीने देतात. हृदयावर परिणाम होऊ शकत असल्याने अधूनमधून इको तपासणी लागते. हर-टू नसताना जुन्या पद्धतीने हे औषध देऊन लाभ होत नाही; कुलूपच नसेल तर किल्ली घेऊन काय करायचे?

तिन्ही नकार असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. पाश्चात्य देशांपेक्षा आपल्याकडे हा प्रकार अधिक आढळतो. त्यात केमोथेरपीचा भर मोठा असतो.

हे सारे कळण्यासाठी तुकडा नीट तपासला गेला पाहिजे. छोट्या गावात गाठ काढून टाकली आणि ती तपासायला पाठवलीच नाही, असे अजूनही घडते. नातेवाइकांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. एक, काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये ठेवली का? नुसत्या सलाईनमध्ये राहिलेला तुकडा खराब होतो आणि रिसेप्टर नीट मोजता येत नाहीत. दोन, मेणात बसवलेला ब्लॉक कुठे आहे? मोठ्या रुग्णालयात जाताना कागदपत्रांबरोबर तोही मागून न्यावा.

"शस्त्र लागले की पसरतो" हे खरे काय?

ही समजूत आपल्या भागात खोलवर आहे आणि तिने अनेकींचा जीव घेतला आहे. सुईने तुकडा काढल्याने किंवा शस्त्रक्रियेने आजार पसरतो या भीतीने बाई घरी बसते आणि घरी बसल्यावर तो खरोखरच पसरतो. मग लोक म्हणतात, पाहा, डॉक्टरकडे गेली आणि गेली! उशिरा गेली, हे कोणी म्हणत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी काही पेशी सैल होऊ शकतात हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी एक साधा उपाय करून पाहिला. दात काढताना हिरडी बधिर करायला जे औषध टोचतात, ते लिडोकेन त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीच्या भोवती टोचले. पेशीच्या आवरणात रिसेप्टरच्या शेजारी सोडियमची ये-जा करणाऱ्या बारीक खिडक्या असतात. लिडोकेन त्या बंद करते. त्यामुळे हलू पाहणाऱ्या पेशींची हालचाल रोखली जात असावी, असा यामागचा विचार.

२०११ ते २०२२ या काळात भारतातील ११ केंद्रांवर झालेल्या या चाचणीत १,५८३ स्त्रियांचे निकाल तपासले गेले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्या गटातील ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. न घेतलेल्या गटातील ८६.४ टक्के. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. औषध अगदी स्वस्त, कोणत्याही शस्त्रक्रियागृहात मिळणारे. हा उपाय शस्त्रक्रियेच्या जोडीला आहे, तिच्याऐवजी नाही, हे मात्र विसरू नये. आणि याच आकड्यात आणखी एक गोष्ट दडली आहे: आजार आटोक्यात असताना शस्त्रक्रिया झालेल्या, इंजेक्शन न घेतलेल्या शंभरातील ८६ जणीही पाच वर्षांनी हयात होत्या. शस्त्राला भिणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बार्शीचा धडा

आपल्या शेजारी बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तिथून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. मोठे यंत्र नाही, नवे औषध नाही. नुसते सांगितल्याने हे झाले.

स्तनाच्या कर्करोगाबाबतही असाच पुरावा आहे. मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली आलेल्या निष्कर्षानुसार आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही. पण म्हणून त्यांनी गाठीकडे दुर्लक्ष करावे असे नाही.

वाचक भगिनींनो, एवढे करा

भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाल्याचा अंदाज आहे. स्त्रियांच्या कर्करोगांत तो आता पहिल्या क्रमांकावर आहे. घाबरण्यासाठी हे सांगत नाही. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. पण कोणती कशाची, हे हाताने चाचपून घरी ठरत नाही.

- न दुखणारी गाठ अधिक संशयाची. दुखण्याची वाट पाहू नका.
- बोंडशी आत ओढली जाणे, त्यातून रक्त येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, काखेत गाठ येणे, न भरणारी जखम ही लक्षणे दिसताच दाखवा.
- तीस वर्षांपुढील स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारा.
- गाठीवर लेप, शेक, चोळणे, जाळणे यात दिवस घालवू नका.
- उपचारासाठी बार्शी, सोलापूर, लातूर, कलबुर्गी वा मुंबई कुठेही जा; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवा.
- पुरुषांनाही हा आजार क्वचित होतो. त्यांनीही गाठ दुर्लक्षू नये.

शेवटी एक विनंती घरातील पुरुषांना. बाई स्वतःहून सांगत नाही. लाज असते, खर्चाची धास्ती असते, 'माझ्यामुळे शेताचे काम अडेल' अशी काळजी असते. आईला, पत्नीला, आत्याला, वहिनीला एकदा विचारा, किंवा घरातील दुसऱ्या स्त्रीला विचारायला सांगा. पेशीच्या दारावर चुकीची थाप पडत असते ती आवाज न करता. ती आपल्याला ऐकू येत नाही. हाताला लागलेली गाठ मात्र कळते. ती कळली त्याच आठवड्यात दवाखान्याची पायरी चढावी. सुगी पुढच्या वर्षीही येईल. ती पाहायला घरातली बाई हवी.